फालानिकोची सुई

ॲप तयार झालं त्या संध्याकाळी फालानिकोनं बायकोला सांगितलं, "झालं सगळं. आता फक्त गिऱ्हाइकं तेवढी बाकी आहेत."

घर बांधून झालं, आता फक्त भिंती राहिल्यात, अशा थाटात तो हे बोलला. वाईलोतो गावातल्या निम्म्या घरांना भिंती नसतातच, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळे एमेलेला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती शाळेच्या वह्या तपासत बसली होती. "मिळतील," ती म्हणाली आणि समोरच्या वहीवर तिनं एक लाल फुली मारली. ती फुली नक्की वहीलाच होती ना, याचा फालानिको बराच वेळ विचार करत राहिला.

ॲपचं नाव 'सुई'. सामोअन भाषेत सुई म्हणजे शिवणं. आपल्याकडे जिच्यानं शिवतात ती सुई. एवढा समुद्र मध्ये असून दोन भाषा एकाच टाक्यात येऊन भेटल्या, त्याचं श्रेय मात्र फालानिकोला देता येत नाही. या ॲपवर एकच गोष्ट व्हायची: शिंपिणीकडे माप द्यायची आणि कपडा घालून बघायची वेळ ठरवायची. ठरलेल्या वेळेमागे थोडे पैसे फालानिकोला. टॅक्सी नाही, डॉक्टर नाही, केस कापणं नाही. फक्त शिवणकाम. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी ॲप काढतं का, असं ज्याला वाटेल त्यानं पांढऱ्या रविवाराच्या आदल्या रात्री मकेरिताच्या ओसरीवर जाऊन उभं राहावं.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी सामोआतलं पोरन्‌पोर नखशिखांत नवं पांढरं घालून चर्चमध्ये उभं राहतं आणि पाठ केलेली वचनं म्हणतं. त्या दिवशी मुलांचं राज्य. वाईलोतोत मुलं चिक्कार आणि शिंपीण एक. मकेरिता कुणालाही नाही म्हणायची नाही, आणि म्हणून कुणाचाच कपडा वेळेवर व्हायचा नाही. मागच्या वर्षी फालानिकोच्या मुलीचा फ्रॉक चर्चची घंटा होता होता आला, तोही एकाच बाहीचा. पोरीनं एक हात पाठीमागे लपवून अख्खं स्तोत्र म्हटलं. लोकांना ती भक्ती वाटली. फालानिकोला मात्र त्याच क्षणी आयुष्याचं कार्य सापडलं. पुढे बँकेनं स्वखुशीनं नोकरी सोडणाऱ्यांना काही रक्कम देऊ केली तेव्हा हा हेडकॅशियर स्वखुशीनं बाहेर पडला. त्याची खुशी बँकेनं त्याआधी कधी विचारलीच नव्हती.

तर आता गिऱ्हाइकं.

सुरुवात मकेरितापासून करायची होती, कारण शिंपीणच नसेल तर वेळ घ्यायची कुणाची? ती नीरफणसाच्या झाडाखाली मशीन टाकून बसली होती. फालानिकोनं तिच्यापुढे टॅबलेट धरला आणि बँकेतल्या आवाजात समजावून सांगायला सुरुवात केली.

"हे बघ मकेरिता, गिऱ्हाईक इथं नाव घालणार, मग त्याला वेळ मिळणार..."

"माझ्याकडं लोक येतात तेव्हा येतात," मकेरिता पिना तोंडात धरूनच म्हणाली. "वेळ कशाला पाहिजे त्यांना?"

"म्हणजे एका वेळी एकच येईल. बाकीच्यांना ॲप सांगेल की आज जागा नाही."

मशीन थांबलं. मकेरितानं तोंडातल्या पिना एकेक करून काढल्या.

"कोण सांगेल?"

"ॲप."

"म्हणजे पाद्रीबाबांच्या बायकोलासुद्धा तेच नाही म्हणणार? मला तोंड उघडायला नको?"

"अजिबात नको."

"मग आत्ताच्या आत्ता सुरू कर," मकेरिता म्हणाली. "माझी चाळीस वर्षं त्या एका शब्दावाचून गेली बाबा."

शिंपीण मिळाली. आता परवाना. फालानिको बँकेतला माणूस, कागदाशिवाय धंदा करणं त्याच्या रक्तात नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो बसनं राजधानीला, आपियाला गेला. परवान्याच्या खिडकीतली मुलगी हसतमुख होती, पण तिच्या संगणकात धंद्यांची जी नावं होती त्यांत हे काही बसेना.

"शिवणकाम करता तुम्ही?"

"नाही."

"कापड विकता?"

"नाही."

"मग काय विकता?"

"वेळ," फालानिको म्हणाला. हे उत्तर त्यानं बसमध्ये घोटून घोटून तयार केलं होतं.

मुलीनं आतल्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी चष्मा काढून फालानिकोकडे पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, मग दोघांनी मिळून पुष्कळ खल केला. शेवटी जो परवाना हातात पडला त्यावर लिहिलं होतं: 'शिवणकाम (मशीनविना)'. माणसाला मशीनविना शिंपी ठरवणारा असा कागद सबंध बेटावर दुसऱ्या कुणाकडे नसावा. फालानिकोनं तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. त्याच्या घराला भिंत होती, तिचा पहिल्यांदा असा उपयोग झाला.

आता फक्त गावाला कळायला हवं होतं. कळवण्याची जागा म्हणजे चर्च. पाद्रीबाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे निको. पण धंद्याची सूचना प्रार्थनेनंतर वाचायची तर चर्चच्या समितीनं ठराव करावा लागेल. समिती पुढच्या महिन्यात बसते. मागच्या महिन्यात बसायची होती, पण छपराचा विषय निघाला."

शेजारी लोतोमाऊ मात्र कुठल्याच समितीसाठी थांबणारा नव्हता. लोतोमाऊची टॅक्सी होती, आणि टॅक्सीवाल्याला जगातल्या प्रत्येक धंद्याचं मर्म ठाऊक असतं, स्वतःच्या सोडून.

"अरे निको, लोकांना काहीतरी फुकट दे. फुकट म्हटलं की माणूस अंथरुणातून उठून येतो."

"मी बँकेत काम केलंय लोतोमाऊ. फुकट हा शब्द आमच्याकडे नव्हता."

"म्हणून तर बँकेत कुणी हसत जात नाही!" लोतोमाऊ म्हणाला आणि गाडी सुरू करून गेला. त्या दिवसापासून तो प्रत्येक प्रवाशाला सांगत सुटला, "सुईवर नाव घाला, माप फुकट." मकेरितानं मापाचे पैसे जन्मात कधी घेतले नव्हते. पण फुकट ते फुकट. त्याच संध्याकाळी फालानिकोच्या फोनवर टिंग वाजलं.

"एमेले! आलं! पहिलं गिऱ्हाईक आलं!"

"कोण?"

"पेपे आत्या. शनिवारी सकाळी."

एमेलेनं लाल पेन खाली ठेवलं. "निको, पेपे आत्या म्हणजे एक गिऱ्हाईक नव्हे रे," एवढंच ती म्हणाली. पण फालानिको आनंदात होता, त्याला ते ऐकू गेलं नाही. शनिवारच्या बाकीच्या वेळाही भराभर भरल्या. लोतोमाऊच्या गाडीनं काम केलं होतं.

शनिवारी फालानिको मकेरिताच्या ओसरीवर टॅबलेट घेऊन बसला. आत्याची वेळ आली आणि गेली. दुसऱ्या बाईची वेळ आली, ती मात्र आली, तिच्यामागची आली, तिच्यामागचीही आली. एवढ्यात रस्त्यावर एक ट्रक थांबला. पुढून पेपे आत्या उतरल्या. पेपे म्हणजे फुलपाखरू, पण नाव ठेवणाऱ्यांना पुढचं कसं दिसावं? त्यांच्यामागून ट्रकमधून पोरं उतरायला लागली. मुलांची मुलं, मुलींची मुलं, पुतण्याची जुळी, शेजारणीची दोन ("त्यांची आई न्यूझीलंडला आहे रे, त्यांचं कोण बघणार?"), आणि एक अगदीच अनोळखी मुलगा, जो रस्त्यात ट्रकमध्ये चढला होता.

"आत्या, वेळ एका माणसाची घेतलीये तुम्ही!"

"एकाच कुटुंबाची आहे की," आत्या म्हणाल्या आणि चटईवर ऐसपैस बसल्या. "कुटुंब एक, नंबर एक. तुझ्या यंत्रात चूक नाही बाळा, बरोबर लिहिलंय."

पुढची आलेली मंडळी ओसरीवर ताटकळली. आणि सामोआत कुणाच्या ओसरीवर माणसं जेवणवेळेला बसून असली तर त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. मकेरिता मापात गुंतलेली. मग शेजारून एमेलेला बोलावणं गेलं. एमेलेनं अळकुड्या उकडल्या, डब्यातली मासळी काढली, मोठं पातेलं भरून कोको केला. संध्याकाळी रिकामं पातेलं घासता घासता ती म्हणाली, "पहिल्या दिवशी किती कमाई झाली?"

फालानिकोनं खरं सांगितलं.

"मासळीचे डबे त्याहून जास्तीचे होते," एमेले म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मग रात्रभर बसून त्यानं ॲप सुधारलं. एक नंबर, एक मूल. शिवाय टॅबलेटला आवाज दिला, म्हणजे ओसरीवर कुणाशी वाद घालायला नको. आवाज त्याचाच. जागा वाचावी म्हणून त्यानं अगदी मोजके शब्द भरले. नंबर आला की टॅबलेट म्हणायचा, "ये." नसेल आला तर म्हणायचा, "बस."

पुढच्या आठवड्यात सगळं तेल घातल्यासारखं चाललं. लोक टॅबलेटला घाबरून गप बसत. मकेरिता गाणं गुणगुणत मापं घेत होती. फालानिको हात पाठीमागे बांधून ओसरीवर येरझारा घालत होता, आणि अशातच वाओसा महाराज आले.

वाओसा म्हणजे गावातला सगळ्यात मोठा मताई. मताई हा घराण्याचा प्रमुख, आणि वाओसा त्या प्रमुखांमधले प्रमुख. महाराज सहसा कुठे जात नसत, लोक त्यांच्याकडे जात. पण धाकट्या नातीवर त्यांचा भारी जीव. ते तिला बोटाला धरून स्वतः आले. ओसरीवरची सगळी माणसं खाली वाकली. तेवढ्यात नातीनं कौतुकानं टॅबलेटवर बोट ठेवलं. तिचा नंबर नारळ उतरवणाऱ्या मोसेच्या पोरीच्या मागे होता.

"बस," टॅबलेट म्हणाला. खणखणीत, फालानिकोच्या आवाजात.

सामोअन भाषेत मोठ्या माणसाशी बोलायचे शब्दच निराळे आहेत. महाराजांना 'बसावं' म्हणतात, 'विराजावं' म्हणतात. 'बस' कुत्र्याला म्हणतात.

महाराज नातीला घेऊन आले तसे गेले. मकेरितानं फक्त डोळे मोठे करून टॅबलेटकडे बोट दाखवलं. मी नव्हे, त्यानं म्हटलं, असा त्याचा अर्थ होता.

सोमवारी गावसभेचं बोलावणं आलं.

सभेच्या मोठ्या छपराखाली एकेक मताई आपापल्या मानाच्या खांबाला टेकून बसला होता. कोण कुठल्या खांबाला बसतो यात कित्येक पिढ्यांची उठाठेव असते. फालानिकोला कुठलाच खांब नव्हता. तो कडेला मांडी घालून बसला. टॅबलेट मधोमध चटईवर ठेवला होता, चोरीचा माल ठेवावा तसा. सभेचे वक्ते हातात दंड घेऊन उभे राहिले, खांद्यावर चवरी टाकली, आणि आधी देवाचे, मग पूर्वजांचे, मग समुद्राचे आभार मानून विषयाकडे वळले.

"ज्या महाराजांपुढे आमचे आजे मान खाली घालून चालत, त्यांना ही काचेची पाटी म्हणते, 'बस'! आणि तेही कुणाच्या मागे? मोसेच्या पोरीच्या!"

फालानिकोनं मान खाली घातली. बँकेत एकदा त्याच्या गल्ल्यात तूट आली होती, तेव्हासुद्धा त्याचे कान एवढे तापले नव्हते. त्यानं माफी मागितली. दंड ठरला: मासळीच्या डब्यांची खोकी आणि एक डुक्कर. ते त्यानं मान्य केलं. मग वक्ते म्हणाले, "आणि यंत्र सुधार. सगळ्यांचे नंबर मानाप्रमाणे लाव."

"लावतो," फालानिको म्हणाला. त्याला खरोखरच मनापासून चूक दुरुस्त करायची होती. त्यानं टॅबलेट पुढे ओढला आणि बोट वर धरलं. "पहिले महाराज. त्यांच्यानंतर कोण घालू?"

सगळे मताई एकमेकांच्या खांबांकडे बघू लागले.

मग पूर्वेच्या खांबाशी कुणीतरी खाकरलं. लगोलग पश्चिमेच्या खांबाशीही कुणीतरी खाकरलं.

"आमचं घराणं," पूर्वेचे म्हणाले.

"तुमचं घराणं पूर्वजांच्या होडीतून दुसरं उतरलं," पश्चिमेचे म्हणाले.

"दुसरं उतरलं, कारण होडी धरून ठेवायला कुणीतरी शहाणं मागे लागतं!"

मग जे सुरू झालं ते थांबेचना. होडी झाली, होडीतली डुकरं झाली, कुणाच्या पणजीचं लग्न झालं. ज्यांना एरवी कंबरदुखीनं उठवत नव्हतं ते गुडघ्यांवर उभे राहिले. कावा या सभेतल्या मानाच्या पेयाची वाटी फिरून फिरून रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. फालानिकोच्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग त्या मुंग्याही कंटाळून गेल्या. बोट मात्र त्यानं वरच धरलं होतं. कोण जाणे, एवढ्यात ठरेल.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजायची वेळ झाली तरी दुसरा नंबर लागेना. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले वाओसा महाराज बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळे जागच्या जागी बसले.

"पांढऱ्या रविवारी जेवायला आधी कोण बसतं?"

"मुलं," वक्ते म्हणाले.

"आणि वाढतं कोण?"

"आपण, महाराज."

"मी पण वाढतो. गेली तीस वर्षं मी त्या दिवशी पोरांची उष्टी ताटं उचलतोय, मला कधी कमीपणा वाटला नाही. मग त्यांचे कपडे शिवताना आपली होडी कशाला मध्ये? जे सगळ्यात लहान ते पहिलं. मोसेची पोर माझ्या नातीहून लहान आहे का रे?"

"सहा महिन्यांनी, महाराज," फालानिको म्हणाला.

"मग ती आधी." महाराज सभेकडे वळले. "आणि उद्यापासून जो कुणी सुईवर नंबर न घेता मकेरिताच्या ओसरीवर चढेल, त्यानं सभेला एक डुक्कर द्यायचं. दिवसभर हेच ऐकत बसायला मी काही कायमचा जगणार नाही."

फालानिको आभार मानायला उठला. पाय त्याचे नव्हतेच. तो सरळ पुढे चटईवर पालथा पडला. सभेनं तो नमस्कार मानला. इतका खोल नमस्कार वाईलोतोत बऱ्याच वर्षांत कुणी घातला नव्हता, असं पुढे वक्तेसुद्धा कबूल करत.

ज्या गिऱ्हाइकांसाठी त्यानं परवान्याच्या खिडकीत 'वेळ विकतो' म्हणून सांगितलं होतं, ती दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याच्या दारात येऊन उभी राहिली. डुक्कर कुणालाच द्यायचं नव्हतं. फोन नव्हता ते शेजाऱ्याचा घेऊन आले. पेपे आत्यांनी ट्रकमधल्या प्रत्येक पोराचा वेगळा नंबर घेतला आणि वर म्हणाल्या, "हे मी तुला पहिल्यापासून सांगत होते." चर्चच्या समितीनं तातडीची बैठक घेऊन ठराव केला आणि सूचना वाचून दाखवली, तेव्हा ती न ऐकलेला गावात कुणी उरला नव्हता. टॅबलेटचा आवाज फालानिकोनं बदलला. आता तो तान्ह्या पोरालासुद्धा म्हणायचा, "आपण विराजावं."

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सगळ्यात लहान ती सगळ्यात आधी, म्हणजे तान्ह्यांची मापं ऑगस्टातच झाली. आणि तान्ही पोरं काही ऑक्टोबरापर्यंत थांबून राहत नाहीत.

रविवार आठवड्यावर आला आणि एक बाई रडतच ओसरीवर आली. तिच्या बाळाचा फ्रॉक डोक्यातून खाली उतरेना. मागून दुसरी आली, मागून आत्या आल्या, दोन्ही काखांत पुतण्याची जुळी. "हे बघ तुझं यंत्र! एकाचा गळा अडकतो, दुसऱ्याचं पोट!" फालानिकोला डोळ्यांपुढे सभा दिसली, खांब दिसले, डुकरांची रांग दिसली. टॅबलेट छातीशी धरून तो मकेरिताकडे धावला. "मकेरिता, सगळं चुकलं गं माझं. लहानांचे आधी घ्यायलाच नको होते."

मकेरितानं एक फ्रॉक हातात घेतला, उलटा केला आणि शिवणीच्या आतला दुमडलेला कापडाचा पट्टा त्याला दाखवला.

"माया ठेवलीये," ती म्हणाली. "पोरं वाढतात रे निको. शिवण उसवायची, घेर सोडायचा, झालं. रडवेलं तोंड करू नकोस, त्यांना नंबर दे."

त्यानं नंबर दिले. दुसऱ्यांदा. म्हणजे धंदा दुप्पट झाला, हे त्याच्या ध्यानात रात्री आलं. एमेले तेव्हा झोपली होती, तरी त्यानं तिला उठवून सांगितलं. "छान," ती झोपेत म्हणाली.

शेवटचा शर्ट शुक्रवारी इस्त्री होऊन गेला. शनिवारी ओसरीवर कुणीच नव्हतं. फालानिको सवयीनं गेला तर मशीनवर कापड झाकलेलं आणि मकेरिता आत चटईवर गाढ झोपलेली. भर दुपारी.

रविवारी चर्चमध्ये नुसती पांढरीशुभ्र दाटी झाली. एकेक मूल पुढे येई, वचन म्हणे, अडखळे, आईकडे बघे आणि पुढे म्हणे. मकेरिता तिसऱ्या बाकावर बसली होती. दरवर्षी या वेळी ती मशीनवर डोकं टेकून झोपलेली असायची. तिनं शिवलेले कपडे तिनं कधी चर्चमध्ये पाहिलेच नव्हते. मोसेची पोर पुढे आली, तिच्यामागून महाराजांची नात. मकेरिता फालानिकोच्या कानाशी वाकली.

"घेर बघ कसा पडलाय," ती म्हणाली. तिनं पदराचं टोक शोधावं तसं लावालावाचं, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या वस्त्राचं, टोक शोधून डोळे पुसले.

जेवायला मुलं पंगतीनं बसली आणि मोठी माणसं ताटं घेऊन वाढायला लागली. दगडांवर भाजलेलं डुक्कर, अळकुड्या, नारळाच्या दाट रसात शिजलेली अळूची पानं. शेजारच्या गावचे मोठे मताई पाहुणे आले होते. वाढता वाढता ते सारखे मुलांच्या कपड्यांकडे बघत होते.

"वाओसा, तुमच्या गावात सगळ्यांचे कपडे झाले? एकही राहिला नाही?"

"आमच्या गावाचं ॲप आहे," वाओसा महाराज म्हणाले. ताट सावरत त्यांनी छाती जरा पुढे काढली. "आम्हीच काढलं. हा आमचा फालानिको सांभाळतो."

एमेलेनं नवऱ्याकडे पाहिलं. पण फालानिकोनं चेहरा हलू दिला नाही. बँकेनं माणसाला काही शिकवलं असेल तर ते हेच.

पाहुणे त्याच्याकडे वळले. "आमच्याकडे तीन शिंपिणी आहेत, आणि तिघी एकमेकींशी बोलत नाहीत. मागच्या नाताळापासून गाव हैराण आहे. तू उद्याच ये बाबा."

"उद्या सुट्टी आहे महाराज."

"मग परवा पहाटे?"

फालानिकोनं हातातलं ताट शेजारच्या माणसाकडे दिलं, हात पुसले, फोन काढला. मंगळवारचं पान उघडलं. ते पान कोरं करकरीत होतं. कपाळाला आठ्या घालून त्यानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मग खालपासून वर वाचलं, एका ठिकाणी थबकून मान हलवली.

"मंगळवारी दहाला तेवढी एक जागा दिसतेय," तो म्हणाला.

"त्याआधी नाही?"

"नाही."

"बरं बरं, दहा तर दहा. नाव लिहून टाक, दुसरं कुणी घ्यायच्या आत," पाहुणे घाईघाईनं म्हणाले.

फालानिकोनं नाव लिहिलं. एमेलेनं सगळं पान त्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं. ती ताट घेऊन मुलांच्या पंगतीकडे वळली, आणि पाठमोरी असूनसुद्धा ती हसतेय हे त्याला तिच्या खांद्यांवरून कळलं.